आरक्षणावर चालणारी व्हीएम लॅब सांभाळताना: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

विद्यार्थी मंगळवारी रात्री शुक्रवारची सकाळी १० ची वेळ घेतो. पडद्यावर 'आरक्षण निश्चित' असं येतं आणि तो निर्धास्त होतो. शुक्रवारी १० वाजता त्याला चालू, स्वच्छ आणि लगेच वापरता येईल असं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) मिळायलाच हवं. त्या क्षणी होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात त्या सर्व्हरवर) रॅम शिल्लक नाही हे कारण चालत नाही, कारण रॅम किती आहे हे आपल्याला मंगळवारीही माहीत होतं. अशा लॅबची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल तर एवढं पक्कं धरा: जेवढं खरोखर देता येईल तेवढंच कॅलेंडरवर ठेवायचं. बाकीची बहुतेक कामं याच हिशोबातून निघतात.

अशा लॅबला आता बरीच वर्षं झाली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅब सुरू केली. २००८ मध्ये तो कोड अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेला आणि २०१२ मध्ये तो तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. ओपनस्टॅक हे क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे आरक्षणासाठी ब्लेझर नावाची सेवा आहे. तिथे आरक्षणाला लीज म्हणतात. तुमच्याकडे यांपैकी काही असेल किंवा कुणीतरी घरच्या घरी लिहिलेली प्रणाली असेल. आतली मांडणी फारशी बदलत नाही: होस्ट, इमेज (ज्या तयार डिस्कवरून व्हीएम बनतात ती), गट, वेळापत्रक आणि आरक्षण.

पहिलं काम: होस्टचा खरा हिशोब

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालू. होस्टमध्ये ३२ फिजिकल कोअर आणि २५६ जीबी रॅम आहे, आणि असे तीन होस्ट आहेत. लॅबमधली नेहमीची इमेज ४ जीबी रॅम आणि २ व्हर्च्युअल सीपीयूची आहे.

२५६ भागिले ४, म्हणजे ६४ व्हीएम, असं लिहून मोकळं होऊ नका. होस्टची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम, हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), डिस्कची कॅश आणि देखरेखीचे एजंट यांनाही जागा लागते. त्यासाठी १६ जीबी बाजूला काढा. राहिले २४०. शिवाय ४ जीबीचं व्हीएम होस्टवर ४ जीबीत मावत नाही. ते चालवणाऱ्या प्रोसेसची मेमरी, आभासी स्क्रीनची मेमरी, डिस्क आणि नेटवर्कचे बफर हे सगळं वरून लागतं. तुमच्या होस्टवर चालू व्हीएमची प्रोसेस प्रत्यक्षात किती मेमरी घेते ते बघा आणि तो आकडा वापरा. मोजेपर्यंत दर व्हीएममागे ३०० एमबी धरा. मग एका व्हीएमला ४.३ जीबी लागतात आणि २४० मध्ये ५५ बसतात.

तीन होस्ट म्हणजे १६५ व्हीएम. कॅलेंडरवर मात्र ११० ठेवा, म्हणजे दोन होस्टांइतके. एखादा होस्ट बंद पडला, त्याला अपडेट द्यायचा असला किंवा त्याची डिस्क बदलायची असली, तरी दिलेली आरक्षणं उरलेल्या दोघांवर चालली पाहिजेत. वरिष्ठ विचारतील की तिसरा होस्ट रिकामा का बसवलाय. तो रिकामा नाही. त्याच्यामुळेच बाकीच्या ११० जणांना निश्चित हा शब्द देता येतो. शिवाय रोजचे व्हीएम तिन्ही होस्टांवर पसरवले तर प्रत्येकावरचा भारही हलका राहतो.

रॅम आहे त्याहून जास्त वाटायची सोय जवळपास प्रत्येक हायपरवायझरमध्ये असते. आरक्षणाच्या लॅबमध्ये ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. सीपीयू कमी पडला तर सगळे थोडे थोडे हळू होतात, पण कुणाचं काम जात नाही. रॅम कमी पडली की होस्ट स्वॅपवर जातो, म्हणजे रॅमऐवजी हळू डिस्क वापरू लागतो, आणि एकाच वेळी सगळ्यांचे पडदे गोठतात. तरीही भागलं नाही तर लिनक्स होस्ट मेमरी सोडवण्यासाठी एखादी प्रोसेस मारतो. जिने सर्वांत जास्त मेमरी घेतलीय तिचा नंबर सहसा आधी लागतो, आणि व्हीएम होस्टवर अशी प्रोसेस म्हणजे कुणाचं तरी चालू व्हीएम असतं. ज्याने मोठं व्हीएम रीतसर आरक्षित केलं त्याचंच काम असं मधेच तुटतं.

लिनक्समध्ये २००९ पासून सारखी मेमरी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) एकत्र ठेवणारी केएसएम सुविधा आहे. एकाच इमेजचे पन्नास व्हीएम चालले तर तिचा फायदा दिसतोही. पण ती शोधाशोध सीपीयू खाते, आणि एका व्हीएममधून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधता येतो हा सुरक्षेचा प्रश्न उरतोच. व्हीएमवेअर या हायपरवायझर बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये दोन व्हीएममध्ये पानं वाटून घेणं मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली ती याच कारणाने. केएसएम चालू ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्यातून वाचलेली रॅम हिशोबात धरू नका.

सीपीयूबाबत हात सैल सोडता येतो. ५५ व्हीएम गुणिले २ म्हणजे ११० व्हर्च्युअल सीपीयू ३२ कोअरवर, साधारण ३.४ पट. एडिटर, ब्राउझर, डेटाबेसची प्रॅक्टिकलं यांना हे पुरतं, कारण विद्यार्थी बहुतेक वेळ वाचतो आणि टाइप करतो. सिम्युलेशन, मोठं कंपायलिंग, मॉडेल ट्रेनिंग असेल तिथे एका व्हर्च्युअल सीपीयूला एक कोअर, यापलीकडे जाऊ नका. पुरेसं आहे की नाही हे व्हीएमच्या आतूनच कळतं. लिनक्समध्ये टॉप ही कमांड चालवून 'एसटी' हा आकडा बघा. व्हीएमला सीपीयू हवा होता पण होस्टने तो दुसऱ्याला दिला, अशा वेळेची ती टक्केवारी आहे. क्षणभर वर गेली तर चिंता नाही. सतत १० च्या वर राहिली तर त्या होस्टवरून काही व्हीएम हलवा. व्हीएमवेअरवर हाच अंदाज 'रेडी टाइम'वरून येतो.

इमेजला लागेल तेवढंच द्या, आणि तिची ओळख पुसा

शिक्षक इमेज मागताना '१६ जीबी द्या, असू दे' म्हणतात. त्यांची चूक नाही, त्यांना मोजून दाखवणारं कुणी भेटलेलं नसतं. एक व्हीएम उठवा, त्यांनाच त्यावर पूर्ण प्रॅक्टिकल करू द्या आणि तेवढ्या वेळात सर्वांत जास्त रॅम किती लागली ते नोंदवा. त्यात २५ टक्के मिळवा. १६ मागितलेलं काम बरेचदा ६ मध्ये होतं, आणि वाचलेले १० जीबी म्हणजे आणखी दोन विद्यार्थ्यांची जागा.

दुसरी गोष्ट ओळखीची. इथे नवीन माणसाचा दिवस वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लक्षण असं असतं: बॅच सुरू होते, सगळे व्हीएम हिरवे दिसतात, पण दोन विद्यार्थी एकाच मशीनवर जाऊन आदळतात किंवा जोडणी मधेच तुटते. बघावं तर दोन व्हीएमना एकच आयपी पत्ता. नेटवर्क कार्डांचे पत्ते तपासले तर ते वेगवेगळे असतात, त्यामुळे माणूस स्विचकडे आणि डीएचसीपी सर्व्हरकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे) बोट दाखवायला लागतो. दोष तिथे नसतो. इमेज तयार करताना लिनक्सच्या 'मशीन आयडी' फाइलमधला आकडा तसाच राहिलेला असतो. आजची बरीच लिनक्स वितरणं पत्ता मागताना याच आकड्यावरून बनवलेली ओळख पाठवतात. सर्व्हरला वाटतं एकच मशीन पुन्हा आलंय, आणि तो तोच पत्ता देतो.

उपाय सोपा आहे: इमेज बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करा. काढून टाकू नका, रिकामी ठेवा, म्हणजे पहिल्या बूटला नवीन आकडा तयार होतो. त्याच वेळी एसएसएचच्या होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) पुसा आणि पहिल्या बूटला नव्या बनतील याची सोय करा. नाहीतर सगळ्या व्हीएमची की एकच राहते आणि एका विद्यार्थ्याला ती हाती लागली की दुसऱ्याच्या मशीनचं सोंग घेता येतं. विंडोजसाठी हे काम सिसप्रेप हे साधन करतं; ते टाळून नुसती डिस्क कॉपी करू नका. लॉग, कमांडचा इतिहास, ब्राउझरमधले जतन केलेले पासवर्ड हेही त्याच बैठकीत साफ करा.

पत्त्यांचाच आणखी एक सापळा. २५४ पत्त्यांचं नेटवर्क, दर बॅचला ६० व्हीएम, दिवसाला चार बॅच आणि दर वेळी नव्याने बनणारे नेटवर्क कार्डाचे पत्ते. डीएचसीपीची मुदत (एक पत्ता एका मशीनसाठी राखला जातो तो वेळ) २४ तासांची असेल तर संध्याकाळपर्यंत २४० पत्ते अडकलेले असतात. त्यात गेटवे आणि होस्टांचे पत्ते मिळवले की शेवटच्या बॅचपर्यंत पुरवठा संपत आलेला असतो. मधे कुणी चार-पाच व्हीएम पुन्हा बनवले तर संपतोच. मुदत अर्ध्या तासावर आणा, किंवा प्रत्येक व्हीएमच्या जागेला कायमचा ठरलेला पत्ता द्या. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण तक्रार आली की पत्त्यावरून जागा लगेच सापडते.

गट

इमेज थेट होस्टला जोडू नका. इमेजचे गट करा, मशीनचे गट करा आणि गटाला गट जोडा. जड इमेजचा गट फक्त जास्त कोअर असलेल्या होस्टांना, साध्या इमेज सगळीकडे. कुणाला काय दिसावं हेही वापरकर्त्यांच्या गटावरच ठरवा, एकेका नावावर नाही. नवीन इमेज 'आरक्षणासाठी मशीन उपलब्ध नाही' म्हणत असेल आणि होस्ट तर रिकामे असतील, तर आधी ही जोडणी बघा. बहुतेक वेळा तीच राहिलेली असते.

कॅलेंडर बघायचं ते सर्वांत गर्दीच्या क्षणाचं

दिवसाची सरासरी या कामात निरुपयोगी आहे. आपल्याकडे दोन होस्टांचे ४८० जीबी वाटायला आहेत. १० ते १२ या वेळात ६० जणांची बॅच, ४ जीबीची इमेज. ११ ते १ या वेळात ३० जणांची दुसरी, ८ जीबीची. प्रत्येक बॅच २४० जीबीची, बेरीज बरोबर ४८०. कागदावर बसलं. आता वरचे ३०० एमबी धरून पुन्हा मांडा: ६० गुणिले ४.३ म्हणजे २५८, ३० गुणिले ८.३ म्हणजे २४९, एकूण ५०७. म्हणजे ११ ते १२ या एका तासात २७ जीबी कमी. दिवसाचा आलेख मात्र लॅब निम्मी रिकामी दाखवेल. म्हणून प्रणालीने आरक्षण स्वीकारताना त्या पूर्ण अवधीतल्या प्रत्येक क्षणाची बेरीज तपासली पाहिजे. तुमची प्रणाली तसं करते का, हे दोन चाचणी आरक्षणं टाकून स्वतः पाहा.

रॅमची बेरीज पुरेशी असूनही मोठं व्हीएम बसत नाही असंही होतं. तीन होस्टांवर प्रत्येकी १० जीबी मोकळे असतील तर ३० जीबी शिल्लक दिसतात, पण १६ जीबीचं व्हीएम कुठेच उठत नाही. व्हीएम दोन होस्टांत विभागून चालत नाही. यावर दोन उपाय: एकाच वेळी सुरू होणाऱ्यांत मोठे व्हीएम आधी बसवा, लहान मागाहून भरा. आणि मोठ्या इमेजसाठी एक होस्ट ठरवून ठेवा, ज्यावर लहान व्हीएम अगदी गरजेलाच जातील.

एक बॅच १२ ला संपते आणि दुसरी १२ लाच सुरू होते, असं वेळापत्रक मान्य करू नका. जुनी व्हीएम बंद होणं, डिस्क पुसणं आणि नवी उठणं याला वेळ लागतो. तो वेळ मोजा आणि दोन आरक्षणांत तेवढी फट प्रणालीतच टाका. तोंडी सूचना कुणी पाळत नाही.

१० वाजता सुरू होण्यासाठी १० च्या आधी

लॅबची परीक्षा असते ती बॅचच्या सुरुवातीला. एरवी व्यवस्थित चालणारे होस्ट साठ व्हीएम एकदम बूट झाले की डिस्कवर अडकतात. सीपीयू आणि रॅम निवांत दिसतात आणि तरी लॉगिनचा पडदा येत नाही.

आधी इमेज होस्टवर असायला हवी. ४० जीबीची इमेज १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून आणायला, सेकंदाला सुमारे ११५ एमबी धरले तर, सहा मिनिटं लागतात. ही झाली एक प्रत. प्रत्येक व्हीएमसाठी वेगळी पूर्ण प्रत आणत बसलात तर दहा प्रतींनाच तास जातो. म्हणून मूळ इमेज होस्टवर एकदाच ठेवा आणि प्रत्येक व्हीएमला फक्त बदल साठवणारी छोटी वेगळी डिस्क द्या. असं व्हीएम काही सेकंदांत तयार होतं, आणि सगळे एकच मूळ फाइल वाचत असल्याने तिचा बराचसा भाग होस्टच्या कॅशमध्येच राहतो.

यात एक नियम मोडायचा नाही: मूळ इमेजला हात लावायचा नाही. तिच्यात एक अपडेट टाकला तरी तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या डिस्क बिघडतात, कारण त्यांनी फक्त फरक लिहिलेला असतो. फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा. बदल हवा असेल तर नवी आवृत्ती बनवा, नवी आरक्षणं तिच्यावर घ्या आणि जुनीवरचं शेवटचं व्हीएम संपल्यावरच जुनी काढा.

मग बूटचा वेळ. समजा होस्ट एका वेळी आठ व्हीएम नीट उठवतात आणि एका फेरीला चार मिनिटं लागतात. ६० व्हीएमना आठ फेऱ्या, म्हणजे ३२ मिनिटं. १० च्या बॅचची तयारी ९ वाजून २० मिनिटांनी सुरू झाली पाहिजे, म्हणजे अडकलेल्यांना दुसरी संधी द्यायला सात-आठ मिनिटं हातात राहतात. एका वेळी किती उठवायचे हा आकडा तुमच्या डिस्कवर अवलंबून आहे. चारपासून सुरू करा, दर वेळी वाढवत न्या, आणि एकूण वेळ कमी होणं थांबेल तिथे थांबा. त्यापुढे वाढवलंत तर सगळे मिळून उशिरा उठतात.

आणि उठलं म्हणजे तयार झालं असं मानू नका. हायपरवायझर 'चालू' म्हणतो तेव्हा व्हीएम कदाचित नेटवर्कची वाट बघत असतं. रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएचच्या पोर्टवर उत्तर आलं, तरच त्याला उपलब्ध म्हणून दाखवा.

डिस्क भरते तेव्हा

बदल साठवणाऱ्या डिस्क सुरुवातीला लहान असतात आणि वाढत जातात. ६० व्हीएमना ४० जीबीची डिस्क दिली म्हणजे २४०० जीबी कबूल केले. मागे प्रत्यक्षात १००० जीबी असू शकतात, आणि बहुतेक दिवस ते पुरतात. पुरले नाहीत की केव्हीएमवर (लिनक्समधल्या हायपरवायझरवर) एक गोष्ट घडते, ती ओळखता यायला हवी: जागा संपल्यावर ज्या व्हीएमला लिहायचं असतं ते 'पॉज' होतं. विद्यार्थ्याला पडदा गोठलेला दिसतो. अशा वेळी जबरदस्तीने रीस्टार्ट करू नका. जागा मोकळी करा आणि व्हीएम पुढे चालू करा. ते थांबलं होतं तिथूनच सुरू होतं, काम जात नाही. ही वेळ येऊ नये म्हणून ७५ टक्क्यांवर सूचना आणि ९० टक्क्यांवर नवीन आरक्षण बंद, असे दोन टप्पे लावून ठेवा. विसरलेले स्नॅपशॉट (व्हीएमची एका क्षणाची जतन केलेली स्थिती) ही जागा खाणारी नेहमीची गोष्ट. स्नॅपशॉट घेताना त्याच्या नावात काढायची तारीख लिहा.

वेळ संपताना

विद्यार्थ्याचं काम व्हीएमच्या डिस्कवर राहू देऊ नका. घरचं फोल्डर बाहेरच्या साठवणीवरून जोडा आणि ते व्हीएममध्ये ठळक दिसू द्या. हे केलं की बाकी सगळे नियम कडक ठेवता येतात: वेळ संपली की व्हीएम खरोखर पुसलं जातं, आणि पुढच्याला आधीच्याचं काही दिसत नाही. हे केलेलं नसेल तर दर आरक्षणाच्या शेवटी कुणीतरी 'फक्त दहा मिनिटं' मागतं, आणि ते बरोबरच असतं.

३० मिनिटं आणि ५ मिनिटं आधी सूचना पाठवा. मुदतवाढ मागितली तर प्रणालीने पुढचं कॅलेंडर बघूनच हो म्हणावं. ज्याने पुढची वेळ घेतली आहे त्याचा हक्क आधी. आरक्षण करून १५ मिनिटांत कुणी जोडलंच नाही तर जागा मोकळी करा. वर्गाच्या सामूहिक आरक्षणाला मात्र हा नियम लावू नका, कारण शिक्षक पहिली वीस मिनिटं फळ्यावर असू शकतात. जोडून नुसतं सोडून दिलेल्या व्हीएमबद्दल सावध राहा. पडद्यावर हालचाल नसताना आत तीन तासांचं सिम्युलेशन चालू असू शकतं. माउस हलला नाही एवढ्यावरून व्हीएम बंद करू नका, सीपीयूचा वापरही बघा.

होस्ट बंद पडला तर

देखभालीसाठी होस्ट काढायचा असेल तर आधी त्यावर नवीन आरक्षण जाणं थांबवा, चालू असलेली संपू द्या, मगच बंद करा. मधेच कोसळला तर क्रम असा ठेवा. त्याला लगेच देखभालीच्या अवस्थेत टाका, म्हणजे अर्धवट उठलेल्या होस्टवर प्रणाली नवे व्हीएम टाकणार नाही. त्यावरच्या चालू आरक्षणांची यादी काढा आणि त्यांना दुसऱ्या होस्टवर नवं व्हीएम द्या; तिसऱ्या होस्टइतकी जागा राखलेली असल्याने ती मिळते. प्रत्येकाला दोन ओळींचा निरोप पाठवा: जुनं व्हीएम गेलं, नवं इथे आहे, फोल्डरमधलं काम सुरक्षित आहे, गेलेली मिनिटं वाढवून दिली आहेत. पुढच्या बॅचची बेरीज दोन होस्टांवर पुन्हा तपासा. कारण शोधायला त्यानंतर बसा, आणि होस्ट परत घेण्याआधी त्यावर काही चाचणी व्हीएम तासभर चालवून बघा.